संस्थात्मक फंडांमुळे बिटकॉइनचे चढउतार खरंच कमी झाले का?

तराजू

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत स्पॉट बिटकॉइन ईटीएफना (प्रत्यक्ष बिटकॉइन धरणारे, शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) परवानगी मिळाली, तेव्हा 'आता मोठे फंड येणार आणि भाव हवा तसा हलवणार' ही भीती बऱ्याच जणांनी बोलून दाखवली होती. माझं मत नेमकं उलट आहे. फंड आल्यामुळे बाजार शांत झाला, आणि त्याची कारणं फंडांच्या रचनेतच आहेत.

२०१७-१८ मध्ये बिटकॉइनची वार्षिक व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउतारांचं माप, ८० ते १०० टक्क्यांच्या घरात होती. ऑप्शनच्या (ठरल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) किमतींवरून पुढच्या ३० दिवसांच्या चढउतारांचा अंदाज काढणारा, डेरिबिट या एक्सचेंजचा डीव्हीओएल निर्देशांक २०२५ च्या मध्यावर ४० च्याही खाली गेला.

पहिलं कारण रीबॅलन्सिंग, म्हणजे पोर्टफोलिओतलं प्रमाण ठरल्या पातळीवर परत आणणं. डिसेंबर २०२४ मध्ये ब्लॅकरॉक या मोठ्या फंड कंपनीने पोर्टफोलिओत २ टक्क्यांपर्यंत बिटकॉइन ठेवणं वाजवी ठरेल असं म्हटलं. समजा १०० रुपयांच्या पोर्टफोलिओत २ रुपये बिटकॉइन आहे. ते दुप्पट झालं, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, तर एकूण १०२ आणि त्यात बिटकॉइन ४, म्हणजे ३.९ टक्के. पुन्हा २ टक्क्यांवर यायचं तर जवळपास अर्धं विकावं लागतं. भाव निम्मा झाला तर तोच नियम खरेदी करायला लावतो. चढत्यात विकणारा आणि पडत्यात घेणारा असा शिस्तीचा पैसा या बाजारात पूर्वी नव्हताच.

दुसरं कारण कर्ज. साध्या स्पॉट ईटीएफकडे प्रत्येक शेअरमागे खरं बिटकॉइन असतं. भाव ३० टक्के पडला तरी मार्जिन कॉल (आणखी तारण भरा अशी मागणी) येत नाही, कोणी जबरदस्तीने विकायला लावत नाही.

तिसरं म्हणजे सुटकेचा दरवाजा. ग्रेस्केलचा जुना बिटकॉइन ट्रस्ट आठवा. त्यात बिटकॉइन देऊन शेअर घेता येत होते, पण शेअर परत करून बिटकॉइन मिळत नव्हतं. फेब्रुवारी २०२१ पर्यंत शेअर प्रीमियमवर, म्हणजे आतल्या बिटकॉइनपेक्षा महाग होता, पुढे तो उलट स्वस्त झाला, हा डिस्काउंट वाढत गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जवळजवळ ५० टक्क्यांवर पोचला. प्रीमियम टिकेल या भरवशावर कर्ज काढून बसलेला थ्री ॲरोज हा क्रिप्टो हेज फंड जून २०२२ मध्ये बुडाला, आणि याच सापळ्यामुळे तो आणखी खोल गेला. आजच्या ईटीएफमध्ये शेअर तयार करणं आणि मोडणं रोज चालतं, त्यामुळे शेअरचा भाव आतल्या मालमत्तेच्या मूल्याला धरून राहतो.

खोलपाणी

तराजू, तुमची तिन्ही कारणं मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही सरासरी बघताय. नदीची सरासरी खोली कमी झाली म्हणून डोह बुजत नाहीत. फंडांनी चढउतार ठरावीक तासांत गोळा केले आणि उरलेला वेळ पोकळ करून टाकला.

हे होतं कसं ते सांगतो. बहुतेक मोठे अमेरिकी ईटीएफ आपलं रोजचं मूल्य शिकागोच्या सीएमई या फ्युचर्स एक्सचेंजशी जोडलेल्या सीएमई सीएफ बिटकॉइन संदर्भ दराच्या न्यूयॉर्क आवृत्तीवरून काढतात. हा दर न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ३ ते ४ या तासात ठरतो. तासाचे पाच-पाच मिनिटांचे १२ भाग पाडतात, प्रत्येक भागातल्या सौद्यांचा उलाढालीनुसार भारित मध्यक (मधोमधचा भाव) काढतात आणि त्या १२ मध्यकांची साधी सरासरी घेतात. एका मोठ्या सौद्याने दर हलवता येऊ नये म्हणून ही रचना आहे, आणि त्या कामाला ती उत्तम आहे. पण तिचा दुसरा परिणाम बघा. सुरुवातीला ईटीएफमध्ये शेअर तयार करणं आणि मोडणं फक्त रोखीने होत होतं. अधिकृत दलाल रोख देणार, बिटकॉइन फंडाने विकत घ्यायचं. प्रत्यक्ष खरेदी संदर्भ दरापेक्षा महाग पडली तर फरक दलालाच्या माथी. मग प्रत्येकाला आपली खरेदी-विक्री त्याच तासात, त्याच १२ भागांत विभागून करायची असते. निव्वळ पैसा एकाच दिशेने असेल त्या दिवशी तो सगळा दाब एका तासावर पडतो.

त्यावर दुप्पट लिव्हरेजचे (स्वतःच्या पैशाच्या दुप्पट पोझिशन घेणारे) फंड. यांचं गणित कुणी मांडत नाही म्हणून इथे मांडतो. फंडाचे स्वतःचे १ अब्ज डॉलर, बाजारातली पोझिशन २ अब्ज. भाव ५ टक्के पडला की पोझिशन १.९ अब्ज होते आणि फंडाचे ०.९ अब्ज उरतात. दुप्पट राखायचं तर पोझिशन १.८ अब्ज हवी, म्हणजे दिवस संपण्याआधी १० कोटी डॉलरची विक्री. भाव ५ टक्के चढला तर तेवढीच खरेदी. गंमत म्हणजे, एकपट उलटा (भाव पडला की तेवढाच चढणारा) फंडही त्याच दिशेने तेवढाच सौदा करतो. गणित मांडून पाहा. तुमचा २ टक्केवाला सल्लागार तिमाहीतून एकदा उलट्या दिशेने वागतो, हे फंड रोज संध्याकाळी पडत्यात विकतात आणि चढत्यात घेतात.

आणि शनिवार-रविवार? ईटीएफ बंद. सीएमईचे फ्युचर्स २०२४ आणि २०२५ मध्ये शिकागोच्या वेळेनुसार शुक्रवारी ४ वाजता बंद होऊन रविवारी ५ वाजता उघडत, म्हणजे ४९ तास कुलूप. मार्केट मेकरला (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्याला) हेज करायला, म्हणजे उलटा सौदा करून जोखीम झाकायला, जागा नसली की तो ऑर्डर बुकमधली (लागलेल्या ऑर्डरींच्या यादीतली) रक्कम कमी करतो आणि भावातलं अंतर वाढवतो. ऑगस्ट २०२४ चा तो रविवार-सोमवार बघा. येनमध्ये घेतलेली स्वस्त कर्जं गुंतवणूकदार घाईने फेडायला लागले, जपानचा निक्केई ५ तारखेला १२ टक्क्यांहून जास्त पडला, आणि बिटकॉइन ५०,००० डॉलरच्या खाली गेलं तेव्हा न्यूयॉर्कचा बाजार उघडलाही नव्हता.

ताळेबंद

तुम्ही दोघेही फंडांना गरजेपेक्षा मोठं श्रेय किंवा दोष देताय. या बाजारातले मोठे धक्के पर्पेच्युअल फ्युचर्समधून (मुदत नसलेल्या, लिव्हरेजवर चालणाऱ्या वायदा सौद्यांतून) येतात. फंड नव्हते तेव्हाही तिथूनच यायचे.

१२-१३ मार्च २०२०: ईटीएफ नाहीत, भाव दोन दिवसांत जवळपास निम्मा. १९ मे २०२१: अमेरिकेत ईटीएफ नाहीत, एका दिवसात ४३,००० च्या आसपासून ३०,००० पर्यंत. १० ऑक्टोबर २०२५: ईटीएफ आहेत, पण अमेरिकेने चीनवर १०० टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केली ती शुक्रवारी शेअर बाजार बंद झाल्यावर. २४ तासांत १९ अब्ज डॉलरहून जास्त पोझिशन्स लिक्विडेट झाल्या, म्हणजे एक्सचेंजनी जबरदस्तीने बंद केल्या. तोवर नोंदवलेला हा सर्वांत मोठा आकडा.

यंत्रणा अशी चालते. १,००,००० ला २० पट लिव्हरेजने घेतलं तर ५,००० डॉलर मार्जिन. देखभालीचं मार्जिन अर्धा टक्का धरलं तर ९५,५०० च्या आसपास पोझिशन एक्सचेंज ताब्यात घेतं आणि बाजारभावाने विकतं. त्या विक्रीने भाव आणखी खाली, की खालच्या पायरीवरच्या पोझिशन्स फुटतात. विमा निधी अपुरा पडला की शेवटचा उपाय म्हणजे ऑटो-डीलिव्हरेजिंग: नफ्यात असलेल्या समोरच्या पोझिशन्स एक्सचेंज परस्पर बंद करतं. इथे खरा घात होतो. ज्याने स्पॉट (प्रत्यक्ष नाणं) घेऊन पर्पेच्युअल शॉर्ट केलं होतं, म्हणजे विकून ठेवलं होतं, त्याचा शॉर्टच गायब होतो. तो अचानक उघडा पडतो, हातातलं स्पॉट विकतो आणि बोली मागे घेतो. शांत वेळी बाजार सावरणारे नेमके त्या क्षणी विक्रेते होतात. १० ऑक्टोबरच्या त्याच संध्याकाळी एका मोठ्या एक्सचेंजवर यूएसडीई हे डॉलरला बांधलेलं नाणं ६५ सेंटपर्यंत पडलेलं दिसलं, बाकी ठिकाणी ते बरंच टिकून होतं. तारण म्हणून ते ठेवलेल्यांचं मार्जिन त्या एका ऑर्डर बुकवरून मोजलं गेलं आणि ते विनाकारण फुटले.

आता यात फंडांचा हात दाखवा. उलट त्या दिवशी बिटकॉइन १,२२,००० च्या आसपासून १,०५,००० च्या आसपास आलं, म्हणजे १४ टक्के. ज्यांच्यामागे कोणताही मोठा फंड नाही अशी कित्येक लहान नाणी काही मिनिटांत ७० टक्के आणि त्याहून जास्त कोसळली. यापेक्षा चांगली तुलना मिळणार नाही.

तराजू

ताळेबंद यांनी माझंच म्हणणं पक्कं केलं. २०२० मध्ये निम्मा भाव, २०२५ मध्ये त्याहून मोठं लिक्विडेशन होऊन १४ टक्के. मधल्या काळात बिटकॉइनच्या खाली बिनकर्जाचा मोठा थर तयार झालाय, म्हणून तर.

खोलपाणी, ५ ऑगस्ट २०२४ चा दाखला तुम्ही दिलात, तर त्याच दिवशीची दुसरी बाजूही घ्या. अमेरिकी ईटीएफमधून त्या दिवशी बाहेर गेलेली निव्वळ रक्कम एकूण मालमत्तेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. घाबरून पळाले ते ईटीएफवाले नव्हते.

खोलपाणी

१४ टक्के आणि ७० टक्के ही तुलना फसवी आहे. लहान नाण्यांची ऑर्डर बुक आधीपासून उथळ असते. फंड असोत-नसोत, ती बिटकॉइनच्या काही पट पडतातच. मार्च २०२० मध्येही पडली होती.

आणि ईटीएफचा पैसा 'बिनकर्जाचा थर' आहे हे सरसकट खरं नाही. त्यातला काही भाग बेसिस ट्रेडचा (स्पॉट आणि फ्युचर यांच्या भावातला फरक, म्हणजे बेसिस, कमावण्याचा) असतो. स्पॉट १,००,००० आणि महिन्याभराचं सीएमई फ्युचर १,०१,००० असेल तर ईटीएफ घ्यायचा, फ्युचर विकायचं, महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के खिशात. भाव कुठे जातो याच्याशी देणंघेणं नाही. हेज फंड अमेरिकी नियामकाला देतात त्या तिमाही १३एफ अहवालात ईटीएफचे शेअर दिसतात, शॉर्ट फ्युचर दिसत नाही, आणि लोक म्हणतात 'बघा, अमुक फंडाने बिटकॉइन घेतलं'. तो अहवालही तिमाही संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत येतो, तोवर पोझिशन कदाचित मोडलेली असते.

बेसिस घसरून सरकारी रोख्यांच्या व्याजाच्या जवळ आला की हा धंदा परवडत नाही. मग ईटीएफ विकून फ्युचर परत घेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेसिस आटला आणि ईटीएफमधून मोठी रक्कम बाहेर गेली, त्यात याचा वाटा होता.

तराजू

पण एका हाताने ईटीएफ विकला आणि दुसऱ्या हाताने फ्युचर घेतलं, तर बाजारावर निव्वळ दाब शून्य. तुमच्याच उदाहरणात चढउतार वाढायचं कारण उरत नाही.

खोलपाणी

कागदावर शून्य. प्रत्यक्षात तीन ठिकाणी फट राहते.

दोन्ही पाय, म्हणजे दोन्ही सौदे, एका क्षणी उचलले जात नाहीत. ईटीएफचा बाजार साडेसहा तास चालतो, फ्युचरचा जवळजवळ दिवसभर, आणि शेअर मोडल्यावर फंडाची बिटकॉइनविक्री संदर्भ दराच्या तासात होते. फ्युचर सकाळी परत घेतलं असेल तर दुपारी ३ ते ४ ला फक्त विक्री दिसते.

दुसरी फट तेजीत उघडते, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. सीएमईच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये ५ बिटकॉइन. भाव १५,००० ने चढला की शॉर्टवाल्याला कॉन्ट्रॅक्टमागे ७५,००० डॉलर रोख भरावे लागतात. तेवढाच नफा ईटीएफवर झालेला असतो, पण तो कागदी. रोख नसेल तर फ्युचर परत घ्यायचं, तेही चढत्या बाजारात. हेज असूनही जबरदस्तीची खरेदी.

तिसरी फट बातमीची. 'ईटीएफमधून इतके कोटी गेले' हा मथळा वाचून ज्यांचा बेसिसशी संबंध नाही ते विकतात. हा परिणाम मोजणं अवघड आहे, पण तो नाही असं म्हणणं मला पटत नाही.

आणि तुमच्या चिवट गुंतवणूकदारांबद्दल: ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२६,००० च्या आसपास शिखर, २१ नोव्हेंबरला ८१,००० च्या जवळपास तळ. त्या नोव्हेंबरात अमेरिकी ईटीएफमधून सुमारे साडेतीन अब्ज डॉलर निघाले. पडत्यात घेणारे कुठे होते?

तराजू

साडेतीन अब्ज म्हणजे तेव्हाच्या एकूण मालमत्तेच्या साधारण ३ टक्के. भाव तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला आणि १०० पैकी ९७ रुपये जागेवर बसून राहिले. याला चिवटपणाच म्हणतात. तुम्हाला खरेदीदार हवे होते, मी म्हणतोय की विक्रेते नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र मान्य करतो. रीबॅलन्सिंगवाल्यांची खरेदी मला वाटली होती तितकी दिसली नाही.

वर्गमूळ

दोन्ही बाजूंनी आकडे येताहेत, पण मोजण्याच्या पद्धतीत घोळ आहे. तो आधी सोडवला नाही तर हा वाद कधीच पुढे सरकणार नाही.

पहिली चूक वार्षिक करताना होते. रोजचं प्रमाण विचलन वर्षाच्या दिवसांच्या वर्गमुळाने गुणतात. बिटकॉइन ३६५ दिवस चालतं, म्हणून १९.१ ने गुणायचं. शेअर बाजाराची सवय लागलेले २५२ दिवसांचं १५.९ वापरतात. रोजचं विचलन २.५ टक्के असेल तर एकाचं उत्तर ४८ टक्के, दुसऱ्याचं ४० टक्के. निव्वळ गुणकामुळे 'शांत' झालेला बाजार मी बऱ्याच तक्त्यांत पाहिलाय. ईटीएफच्या शेअरची आणि बिटकॉइनची तुलना करताना तर हा फरक हमखास निसटतो, कारण ईटीएफच्या सोमवारच्या उडीत शनिवार-रविवार दडलेले असतात.

दुसरी चूक दिवस कुठे कापायचा याची. यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) मध्यरात्र ते मध्यरात्र बंद भाव घेतले तर १० ऑक्टोबरसारख्या दिवशी भाव खोल बुडी मारून वर आला की ती बुडी अर्धी गायब होते. उच्चांक-नीचांकाच्या अंतरावरून मोजणारी पार्किन्सनची पद्धत वापरा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या परताव्यांचे वर्ग करून दिवसाची बेरीज घ्या.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी चूक 'आधी आणि नंतर' या तुलनेत आहे. तराजू, तुम्ही २०१७ ची २०२५ शी तुलना केलीत. पण २०२३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे एकही अमेरिकी स्पॉट ईटीएफ नसताना, बिटकॉइनची व्होलॅटिलिटी कित्येक वर्षांच्या नीचांकावर गेली होती. आणि तेव्हा ऑर्डर बुक जाडही नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्सचेंज आणि त्याची जोडकंपनी अलमिडा कोसळल्यापासून मार्केट मेकिंगमध्ये पडलेलं भगदाड भरलेलं नव्हतं. लोकांचा रस ओसरला होता, म्हणून भाव स्थिर होता. ईटीएफ आल्यावर मार्च २०२४ मध्ये भाव ७३,००० च्या वर गेला, तेव्हा व्होलॅटिलिटी उलट चढली. 'फंड आले आणि शांतता आली' हा क्रम आकड्यांत तसा बसत नाही.

उलट 'ईटीएफमध्ये पैसा आला म्हणून भाव चढला' हेही बिनधास्त म्हणू नका. रोजच्या पैशाच्या आवक-जावकीचा आकडा शेअरसंख्येतल्या बदलावरून काढतात, आणि काही फंडांमध्ये तो बदल एक दिवस उशिरा नोंदला जातो. मंगळवारचा पैसा बुधवारी दिसतो. मग तो बुधवारच्या परताव्याशी जोडला तर मंगळवारचा खरा संबंध निसटतो आणि भलताच संबंध दिसू शकतो. शिवाय कालचा भाव चढला म्हणून आज पैसा येतो, ही दिशाही जोरदार आहे.

सरळवाट

वाचतोय. एक व्यवहाराचा प्रश्न. ज्याच्याकडे थोडं बिटकॉइन आहे, लिव्हरेज नाही, त्याने या सगळ्यातून घ्यायचं काय?

ताळेबंद

लिव्हरेज नाही हे सगळ्यांत महत्त्वाचं काम तुम्ही आधीच केलंय.

बाकी चार गोष्टी बघा. न्यूयॉर्कच्या ३ ते ४ या तासात, म्हणजे उन्हाळ्यात यूटीसी १९ ते २० आणि हिवाळ्यात २० ते २१, बाजारभावाची ऑर्डर टाकू नका. मर्यादा घालून लिमिट ऑर्डर टाका. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र जवळचा स्टॉप (भाव ठरल्या पातळीला आला की आपोआप विकणारी ऑर्डर) ठेवू नका. पातळ ऑर्डर बुकमध्ये भाव तुमचा स्टॉप तोडून पाच मिनिटांत परत येतो, आणि स्टॉप लागला की तो बाजारभावाने विकला जातो, तुमच्या आकड्याला नव्हे. फंडिंग रेट (पर्पेच्युअलमध्ये एक बाजू दुसरीला ठरावीक वेळाने देते तो दर) पाहत जा: बऱ्याच एक्सचेंजवर दर ८ तासांना ०.०१ टक्का ही मूळ पातळी असते, म्हणजे वर्षाला साधारण ११ टक्के. तो अनेक दिवस याच्या पाच-सहा पट राहिला तर लाँगवाल्यांची (भाव चढेल म्हणून घेणाऱ्यांची) गर्दी झालीय आणि खाली फुटण्याजोग्या पोझिशन्सचा ढीग आहे असं समजा. चौथी, तारणात किंवा बचतीत डॉलरला बांधलेलं नाणं असेल तर एक्सचेंज त्याची किंमत कुठून घेतं हे त्यांच्या नियमांत वाचा. स्वतःच्या ऑर्डर बुकमधून घेत असेल तर ते तारण फारसं भरवशाचं नाही.

तराजू

एक मुद्दा राहिला, तो ऑप्शन्सचा, आणि माझ्या मते शांततेचं सर्वांत मोठं कारण तोच आहे. १९ नोव्हेंबर २०२४ ला ब्लॅकरॉकच्या आयबिट या बिटकॉइन ईटीएफवर ऑप्शन्स सुरू झाले. सुरुवातीला एका गुंतवणूकदाराला २५,००० कॉन्ट्रॅक्टची मर्यादा होती, जुलै २०२५ मध्ये ती २,५०,००० केली. बिटकॉइन धरून बसलेले फंड त्यावर कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) विकून उत्पन्न काढतात. ते कॉल घेणारा डीलर हेज करताना भाव चढला की विकतो, पडला की घेतो. हा ब्रेक रोज लागतो आणि आपोआप लागतो.

खोलपाणी

ब्रेक एका पट्ट्यापुरता लागतो. विकलेले कॉल ज्या भावांना आहेत त्यांच्या आसपास डीलर स्थिर करतो. भाव त्या पट्ट्याच्या बराच खाली गेला की ते कॉल निरुपयोगी होतात आणि हेजही संपतो. तेव्हाच घाबरलेले फंड पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क) घ्यायला धावतात. ते पुट विकलेल्या डीलरला आता पडत्यात विकावं लागतं. तोच डीलर, तेच गणित, चिन्ह उलटं.

शेअर बाजारात हे एकदा पाहिलेलं आहे. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स हा अमेरिकी शेअर बाजाराच्या अपेक्षित चढउतारांचा निर्देशांक १७ वरून ३७ वर गेला, कारण शांततेवर पैसे लावणाऱ्या उत्पादनांना दिवसअखेरीस एकदम व्हिक्सचे फ्युचर्स घ्यावे लागले. एक्सआयव्ही या उत्पादनाने एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त मूल्य गमावलं. त्याआधीचं वर्ष अतिशय शांत होतं. उत्पन्नासाठी व्होलॅटिलिटी विकणारा पैसा जितका वाढतो तितकी सरासरी खाली येते आणि मोडण्याची जागा तितकी ठिसूळ होते. म्हणून तुमचा ४० च्या खालचा डीव्हीओएल पाहून मला आश्वस्त वाटत नाही.

तराजू

व्हिक्सची ती उत्पादनं स्वतःच दिवसअखेरीस रीबॅलन्स होत होती. कॉल विकणाऱ्या फंडाकडे खरं बिटकॉइन असतं, त्याला बाजारात धावायची सक्ती नाही. उपमा ताणली जातेय. दुप्पट लिव्हरेजच्या फंडांना ती नीट लागू पडते, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

वर्गमूळ

दोघांच्या म्हणण्यात एक तपासता येण्याजोगा फरक आहे. खोलपाणी म्हणतात की रोखीच्या पद्धतीमुळे ३ ते ४ या तासावर दाब येतो. २९ जुलै २०२५ ला अमेरिकी नियामकाने रोखीऐवजी थेट बिटकॉइन देऊन-घेऊन शेअर तयार करायला आणि मोडायला परवानगी दिली. आता दलाल दिवसात कधीही, कुठूनही बिटकॉइन गोळा करून आणू शकतो. म्हणजे खोलपाणींची यंत्रणा खरी असेल तर त्यानंतर हळूहळू त्या तासाचा वाटा कमी व्हायला हवा.

पाच मिनिटांचे स्पॉट भाव घ्या, किमान तीन मोठ्या एक्सचेंजचे, म्हणजे एकाच्या बिघाडाने आकडा बिघडणार नाही. प्रत्येक तासातल्या परताव्यांच्या वर्गांची बेरीज (वर्गबेरीज) काढा आणि दिवसाच्या बेरजेने भागा. २४ तास सारखे असते तर प्रत्येकाचा वाटा ४.२ टक्के आला असता. जानेवारी २०२४ पूर्वीचं वर्ष, जानेवारी २०२४ ते जुलै २०२५, आणि नंतरचा काळ असे तीन तुकडे करा. सरासरीऐवजी मध्यक वापरा, नाहीतर १० ऑक्टोबरसारखा एक दिवस सगळा निकाल ठरवेल. शनिवार-रविवार वेगळे काढा: त्या दिवशी ईटीएफ बंद असतात, तेव्हा त्याच तासात वाढ दिसली तर कारण ईटीएफ नव्हे. इथर या दुसऱ्या मोठ्या नाण्याचा वापर ताळ्यासाठी करा, कारण त्याचे अमेरिकी ईटीएफ २३ जुलै २०२४ ला सुरू झाले. मधल्या सहा महिन्यांत बिटकॉइनला ईटीएफ होते, इथरला नव्हते.

खोलपाणी

हे मला मान्य. तिसऱ्या तुकड्यात ३ ते ४ चा वाटा कमी झाला नाही तर रोखीचं कारण मी सोडून देईन आणि दोष फक्त लिव्हरेज फंडांच्या दिवसअखेरच्या सौद्यांवर ठेवेन. ते सौदे बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात दाटतात, त्यामुळे तासाचे दोन तुकडे करून पाहिलं तर दोन्ही कारणं वेगळी दिसतील.

तराजू

माझ्या बाजूने अट: शनिवार-रविवारची एकूण वर्गबेरीज, वाटा नव्हे, २०२३ पेक्षा वाढलेली निघाली तर 'फंडांनी उरलेला वेळ पोकळ केला' हे मी मान्य करेन. नुसता वाटा वाढला तर नाही, कारण आठवड्याचे दिवस शांत झाले तरी वाटा वाढतो.

वर्गमूळ

ठीक. पण २०२३ हे असामान्य शांत वर्ष होतं, हे वर सांगितलंय. त्याच्याशी तुलना केली तर तराजू जवळजवळ नक्की हरतील आणि त्याचा फंडांशी संबंध नसेल. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांचा मध्यक घ्या. आणि तास मोजताना यूटीसी नको, न्यूयॉर्कचं घड्याळ घ्या. तिथलं घड्याळ मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सरकतं. यूटीसीवर मोजलं तर वर्षातले चार-साडेचार महिने तुम्ही ३ ते ४ ऐवजी २ ते ३ हा तास मोजत बसाल आणि जे शोधताय ते दोन तासांत विभागून फिकं पडेल.